दोन राज्यांची स्कूटर

सत्तरच्या दशकात स्कूटर हवी असली तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. नवऱ्याने एक नोंदणी स्वतःच्या नावाने केली आणि एक सहज म्हणून माझ्या नावाने. माझा नंबर आधी लागला. त्यामुळे जिला सायकलदेखील धड येत नव्हती अशी मी स्कूटरची मालक झाले. आम्ही तेव्हा सावनेरच्या पुढे, सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या एका गावी राहत होतो. कटकट नको म्हणून रोड टॅक्स अख्ख्या वर्षाचा भरून टाकला, आणि दसरा झाल्यावर नवऱ्याची बदली नागपूरला झाली. सामान ट्रकने गेलं, आम्ही दोघं स्कूटरवरून. धंतोलीत दोन खोल्या मिळाल्या.

गाडीची नागपूरला नोंद करायला गेलो तर तिथल्या कारकुनाने सांगितलं, "गाडी आता महाराष्ट्रात आली. टॅक्स इथं भरा लागते."

"मार्चपर्यंतचा भरलाय," मी पावती पुढे केली.

"तो त्यायच्या रोडचा भरला बाई. आमच्या रोडचा कुठं भरला?"

आम्ही नागपूरच्या रोडचाही भरला. नवा नंबर मात्र सवडीने मिळणार होता. "अन् तिकडचे पैसे परत मागून घ्या," कारकून म्हणाला. "गाडी तिकडं चालून नाही राहिली ना? मंग?"

म्हणून मी एक दिवस एस.टी.ने जुन्या गावी गेले. तिथल्या वाहन कराच्या ऑफिसातले इन्स्पेक्टर त्या भागातले, घरी मराठीच बोलणारे. गळ्याला मफलर, आवाज इतका मऊ की भांडायला जागाच नव्हती.

"बाईसाहेब, तुमचं म्हननं सोळा आने खरं," ते म्हणाले. "पन गाडी इथं नाही हे मले कसं समजावं? चेसिस नंबर डोळ्यानं पाहा लागते. गाडी घेऊन या."

"इथे?"

"इथंच. माह्यापुढं."

"पण इथे आणली तर ती इथे असेल ना?"

ते खरोखर विचारात पडले. मफलर सोडून पुन्हा बांधला. "बरोबर आहे. पन आनल्याशिवाय ती इथं नाही हे मी कशावरून लिहू?"

मी परत एस.टी.त बसले. घरी येऊन सांगितलं तर नवरा इतका हसला की मला त्याचाच राग आला.

थंडी पडली आणि एका सकाळी तेच इन्स्पेक्टर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानासमोर उभे दिसले. तोच मफलर. त्यांची आई पाय घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं आणि आमच्या घरामागच्याच दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं होतं. ओळखीचं कोणी नाही, म्हातारीला बाहेरचं जेवण जाईना. मी दुपारी मुगाची खिचडी नेली, दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून. म्हातारी झकास होती. पहिल्याच दिवशी तिने मला माझ्या सासूचा स्वभाव विचारून घेतला.

नवरा साहेबांना मागे बसवून औषधांना, एक्स-रेला, स्टेशनवर सगळीकडे फिरवू लागला. साहेब मागे बसून नवऱ्याचा कोट घट्ट धरून ठेवत. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एकदा दवाखान्यात चहा घेताना मी धीर केला.

"साहेब, ही तीच गाडी बरं का."

"गाडी मस्त आहे," ते म्हणाले.

"म्हणजे पाहिलीत ना तुम्ही? नागपुरात?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाईसाहेब, मी रजेवर आहो. रजेवर असताना मले काही पाहता येत नाही."

पलंगावरून म्हातारी कडाडली, "काहून गा? रोज तिच्यावर बसून गाव फिरून राहिला अन् पाहिली नाही म्हनतं?"

"माय, बसनं अलग, पाहनं अलग."

त्या संध्याकाळी खिचडी टाकायचंच माझ्या मनात नव्हतं. पण म्हातारी वाट पाहत असणार. डबा घेऊन गेले, साहेबांशी मात्र बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्यांची रजा संपल्यावर, जानेवारीत, आम्ही स्कूटर घेऊन त्यांच्या ऑफिसला निघालो. सीमेवर तिकडच्या शिपायाने अडवलं. पाटीवर त्यांचाच नंबर, पावती त्यांचीच, मार्चपर्यंतची. "गाडी तो यहीं की है," म्हणून त्याने सोडलं. परतताना आमच्या बाजूच्या शिपायाने अडवलं, नागपूरची पावती पाहिली आणि तोही म्हणाला, "गाडी इथलीच आहे, जा."

त्याआधी, ऑफिसात, वेगळाच पेच. नियमाप्रमाणे गाडी मालकाने हजर करायची. नवऱ्याने ती फाटकातून आत आणली तर साहेबांनी हात वर केला. "तुम्ही नाही. बाईसाहेब." मग गाडी पुन्हा बाहेर. मी साडीचा पदर खोचून हँडल धरलं, नवऱ्याने मागून ढकललं, आणि अख्खं ऑफिस व्हरांड्यात उभं राहून पाहत असताना मी वाहन हजर केलं. थोडं कुंडीवर आपटलं. साहेबांनी गुडघे टेकून नंबर पाहिला, पुसला, परत पाहिला. मग टेबलाशी बसून हिंदीत शेरा लिहिला आणि मला वाचून दाखवला. गाडी महाराष्ट्रात असल्याची समक्ष खात्री केली, असा त्याचा अर्थ. मी मालक म्हणून सही केली.

मग त्यांनी टेबलाला कुलूप घातलं आणि आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "आता घरी चला. माय सकाळपासून चूल पेटवून बसली आहे. तुम्ही आले नाही तर मलेही जेवन नाही."

स्कूटर त्यांच्या अंगणात, तुळशीजवळ उभी केली. म्हातारी काठी टेकत दारात आली. माझ्या गालावरून हात फिरवला आणि मुलाला विचारलं, "झालं का बाईचं काम?"

"झालं माय. गाडी नागपुरात आहे. आताच पाहून आलो."

म्हातारीने अंगणातल्या स्कूटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी जे हसत सुटलो ते तिचा खुबा दुखेपर्यंत. साहेब पाटावर बसून शांतपणे वरणात भाकरी चुरत होते.

पैसे उन्हाळ्यात मंजूर झाले. ते आणायला मी एकटी गेले, एस.टी.ने, आणि मुक्काम म्हातारीकडे केला.