हायजियाचा लाडू

धारवाडात सप्तापुरात राहणाऱ्या अंबूताईंना घड्याळापेक्षा आपल्या नाकावर जास्त भरवसा. तूप कढत असलं की त्या बाहेरच्या खोलीतून "आता उतरवा" म्हणायच्या आणि ते तूप कधी चुकायचं नाही. अशा बाईला मागच्या पावसाळ्यातल्या तापानंतर वास येईनासा झाला. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. वासाशिवाय आपण म्हणजे देवाशिवाय देव्हारा, असं त्यांना वाटायचं आणि मनातून फार वाईट वाटायचं.

भीती होती ती इंदुमतीवन्संची. या थोरल्या नणंदबाई दर वर्षी हुबळीहून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला यायच्या, देवीला हात जोडायच्या आणि मग नावं ठेवायला पदर खोचायच्या. कैरीच्या डाळीत हिंग कमी, पन्ह्यातला वेलदोडा जुना. आणि हे सगळं न चाखता, नुसतं हुंगून. या नाकापुढे आपलं बिंग फुटणार, हे अंबूताईंनी धरूनच ठेवलं होतं.

तेव्हा यंदा आरासच अशी करायची की वन्संचं खाण्याकडे लक्षच जाऊ नये. माडीवर भाड्यानं राहणारी नेत्रा कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "अक्का, सूर्यमाला मांडू या की!" ठरलं. गौरीच्या पुढ्यात बुंदीचा सूर्य, रव्याचा शुक्र, गुळपापडीचा मंगळ, बेसनाचा थोरला गुरू आणि मंगळ-गुरूच्या मधे फुटाण्यांचा पट्टा. ते लघुग्रह.

"त्यांच्यात हायजिया म्हणून एक आहे," नेत्रानं आदल्या दिवशी सांगितलं. "चांगला दांडगा, जवळजवळ गोल, पण कोळशासारखा काळा. म्हणून तर त्याच्यापेक्षा लहान लघुग्रह आधी सापडले आणि हा मागे राहिला. नाव मात्र ग्रीकांच्या आरोग्यदेवीचं."

"म्हणजे आपल्या गौरीची पाहुणीच," अंबूताई म्हणाल्या.

नेत्रा माडीवर गेली. अंबूताईंनी बेसन मंद आचेवर ठेवलं आणि फुटाणे निवडायला बसल्या. बेसन झालं की वास बोलावतो, ही जन्माची सवय. वास काही बोलावेना. शेवटी नेत्राच जिना उतरून धावत आली. "अय्यो अक्का, काय करपतंय?"

कढईत पार काळा गोळा झाला होता. अंबूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नेत्राला वाटलं, धुरानं. ती कढईत बघून टाळ्या पिटायला लागली. "अक्का, हीच हायजिया!"

देवीपुढे करपलेलं मांडायचं? अंबूताईंनी घटकाभर विचार केला. मग म्हणाल्या, "बाळाला तीट लावतोच की आपण. एवढ्या देखण्या सूर्यमालेला दृष्ट नको लागायला." त्यांनी त्या काळ्या बेसनात पाक घालून लाडू वळला आणि फुटाण्यांत बसवला. दुसऱ्या दिवशी गुरूसाठी नवीन बेसन भाजलं ते नेत्राला कढईपाशी उभी करून.

हळदीकुंकवाला बायका आल्या. दारातच जी ती नाक मुरडायची, "करपट वास येतोय ग," म्हणायची आणि मग आरास बघून तो विसरून जायची. इंदुमतीवन्संही आल्या. डाळीची वाटी नाकाशी नेऊन म्हणाल्या, "हिंग कमीच." मग आराशीपुढे वाकल्या. नाक लाडवाला टेकायचंच काय ते बाकी.

"हे काळं काय ग, अंबू? मातीचं केलंस काय?"

अंबूताई बघतच राहिल्या. घरभर करपट वास, आणि या बाईंना माती वाटते? त्यांनी वन्संचा हात धरला, स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"वन्सं, ते करपलेलं बेसन आहे. मला वासच आला नाही. पावसाळ्यापासून येत नाही."

वन्सं पाटावर बसल्या. पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "माझं दिवाळीपास्नं गेलंय. घरात कुणाला सांगितलं नाही."

"मग मघाशी हिंग कमी म्हणालात, ते?"

"तुझ्या डाळीत हिंग कधी पुरता असतोय होय!"

दोघी इतक्या हसल्या की बाहेरच्या बायका दार वाजवायला लागल्या. वन्संनी डोळे पुसले, उठल्या आणि अंबूताईंच्या पाठीवर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी मी आदल्या दिवशीच येते. तू बेसन हलव, मी रंग बघते."