चंद्रावतीकाकीची भिंत

चंद्रावतीकाकी पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा तिने माझ्या सगळ्या फ्रेमांकडे बघून नाक मुरडलं. पनवेलच्या बाजारात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, वारलेले आजोबा, हा माझा धंदा, आणि या धंद्यात सोनेरी नक्षी लागतेच. काकी म्हणाली, "यो सोना-बिना नको. साधी काली पट्टी लाव. बघनाऱ्याचा लक्ष चित्राकडं जायाला पायजे, तुज्या पट्टीकडं नाय."

चित्र बघून मला वाटलं, बाईने कॅनव्हासला चुना फासलाय. हे एवढं रुंद, आणि सगळं पांढरं. पण ते भिंतीला टेकून ठेवलं आणि येता-जाता माझी नजर तिकडेच जायला लागली. मळकट पांढरा, निळसर पांढरा, डोळ्यांना टोचणारा पांढरा. काकीचं माहेर मिठागरवाल्यांचं. मी विचारलं, "मिठागर का हो हे?" तर म्हणाली, "तुला दिसतं तर हाय." चित्राला तिने नाव काही दिलं नव्हतं.

मिठागरं गेली, सासरची शेतं गेली, तिथे इमारती आल्या. काकीचा नवरा दाजी भाड्याच्या पैशांवर खुशाल गप्पा छाटत बसतो. काकीची लेक प्राची शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बसली होती, तेव्हा तिच्या शेजारी बसून काकीने ब्रश हातात घेतला. परीक्षा झाल्यावर प्राचीने रंगपेटी माळ्यावर टाकली. काकीने ती खाली काढली ती कायमची. गावठाणातले लोक हसायचे, पैसा आला की बायकांना अशी थेरं सुचतात म्हणायचे. दाजीने एकदा तक्रार केली की भाकरीलाही टर्पेंटाइनचा वास येतो. काकी म्हणाली, "मंग उद्यापासून तू भाज." त्यानंतर तक्रार आली नाही.

मग 'वळसा' आलं. सत्यजीत आणि ऋचा या दोन तरुण चित्रकारांनी काढलेलं हे फिरतं प्रदर्शन. मोठ्या गॅलऱ्यांनी दारातून परत पाठवलं म्हणून चिडून त्यांनी स्वतःचंच दार उघडलं होतं. सरकार नाही, कंपनी नाही. निवडलेली चित्रं टेम्पोत घालून पनवेलहून पेण, अलिबाग, महाड करत चिपळूणला न्यायची आणि तिथे उत्तम चित्राला बक्षीस द्यायचं. मला ही पोरं आवडली होती. काकीचं चित्र निवडलं गेलं तेव्हा मी दुकानात पेढे वाटले.

उद्घाटनाच्या आधी सत्यजीतचा फोन आला. काकी दुकानातच होती, तिने स्पीकर लावला. "काकी, येताना तुमचं पारंपरिक लुगडं नेसून याल का? आणि दोन धवले म्हणा ना, तुमच्या लग्नातली गाणी."

"लगीन कोनाचा हाय?" काकीने विचारलं.

तो हसला. काकी हसली नाही. "सगल्यांना सांगितलास नेसून यायाला? तो डोंबिवलीचा चित्रकार परेश हाय ना, तो धोतर नेसून येनार काय?"

काकी कडक इस्त्रीची सुती साडी नेसून, चष्मा लावून आली. मुख्य हॉलमध्ये सगळ्यांची चित्रं होती, तिचं नव्हतं. ते सापडलं बाजूच्या खोलीत, चहाच्या टेबलाशेजारी, एकटंच. खाली पाटी: 'लोककला विशेष'. माझं डोकंच फिरलं.

"काकी, हा सन्मान आहे," सत्यजीत म्हणाला. मनापासून म्हणाला, हे सांगितलं पाहिजे. "या विभागात तुम्ही एकट्याच आहात. चिपळूणला बक्षीस तुमचंच."

"येकटीनं धावायचा नि पयला नंबर घ्यायचा?" काकीचा आवाज चढला. "मी आगरी हाय म्हनून ही लोककला? दाव, यात नाचनारी बाई कुठं हाय? ढोल कुठं हाय? दाव!"

"पण हॉलमध्ये आता जागाच नाहीये..."

काकीने चित्र खिळ्यावरून उचललं. "अविनाश, पकड." मी दुसरी बाजू धरली. हॉलच्या मधोमध, परेशच्या चित्राशेजारी, आम्ही ते हातात धरून उभे राहिलो. प्रमुख पाहुणे आले, दिवा लागला, भाषणं झाली. लोक रांगेने चित्रं बघत आले आणि आमच्यापुढेही थांबले. माझे हात भरून आले. काकी मात्र चित्र खाली ठेवेना. सत्यजीत दोनदा येऊन कानाशी "प्लीज" म्हणून गेला. काकी समोर बघत राहिली.

समोरच्या मोक्याच्या भिंतीवर प्रदर्शनाचा मोठा फलक होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'इथे सर्वांना एकच भिंत.' काकीने ऋचाला हाक मारली आणि हनुवटीनेच फलक दाखवला. "यो उतरव. जागा हाय."

ऋचाने फलक वाचला. नवऱ्या मुलीसारखी लाल झाली पोरगी. मग स्टूल ओढून चढली आणि फलक खाली घेतला. चित्र तिथे लागलं आणि तसंच गावोगाव फिरलं.

चिपळूणला मी काकीबरोबर गेलो. बक्षीस परेशला मिळालं. काकी त्याच्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बेस हाय. माज्यापरीस बेस." मला वाईट वाटलं, उगाच कशाला लपवू? सत्यजीतलाही वाटलं असावं. तो शाल आणि नारळ घेऊन मंचावरून म्हणाला, "चंद्रावतीकाकींचा आपण खास सत्कार करूया."

काकी जागेवरून ओरडली, "सगल्यांना शाल देतंस?"

"नाही, पण..."

"मंग मला नको. त्यापरीस हरलेल्यांची नावं वाच. सगल्यांची वाच."

सत्यजीतने शाल खाली ठेवली, यादी घेतली आणि एकेक नाव वाचायला लागला. कुणी मान खाली घालत होतं, कुणी ओशाळं हसत होतं. चंद्रावती हे नाव आलं तेव्हा काकी पदर सावरून उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून स्वतःसाठी टाळ्या वाजवायला लागली.