बाईंचे आठ ठोकळे

सर शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे आणि बाई त्याच शाळेत गणित. घरी मात्र शिकवायचं खातं एकट्या बाईंकडे. सर वर्गात वाघ आणि घरात गोगलगाय.

निवृत्तीनंतर बाईंना पक्षाघाताचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं आलं, पण आकड्यांशी जुनी गट्टी काही जमेना. डॉक्टरीणबाईंनी व्यायामाला एक खेळणं दिलं. चौकटीत आकड्यांचे आठ ठोकळे, नववं घर रिकामं. एकेक ठोकळा सरकवत आकडे ओळीने लावायचे. बाईंनी पहिल्याच आठवड्यात ते जमवलं आणि सरांकडे अशा तोऱ्यात पाहिलं की सरांच्या जिवात जीव आला. त्या आनंदात त्यांनी सगळे ठोकळे काढून साबणाने लख्ख धुतले आणि परत बसवले.

त्यानंतर ते काही केल्या जमेना. बाकीचे आकडे जागेवर यायचे, शेवटच्या दोघांचा क्रम उलटा राहायचा. बाई सकाळपासून जीव तोडून बसायच्या. शेवटी त्यांनी हात टेकले.

"डोकंच गेलं हो माझं," त्या म्हणाल्या.

पुढची चाल सांगणारा प्रोग्रॅम लिहून द्यावा, असं सरांनी ठरवलं. कोणती वाट आधी धुंडाळायची यासाठी त्यांनी दोन अंदाज आलटून पालटून वापरले. पहिला नुसते चुकीच्या घरातले ठोकळे मोजायचा. दुसरा, प्रत्येक ठोकळा आपल्या घरापासून किती घरं लांब आहे त्याची बेरीज करायचा. दुसरा हुशार, पहिल्यापेक्षा कितीतरी कमी भटकून उत्तर आणतो, हे सर दर वर्षी मुलांना दाखवत. या वेळी दोघांनीही अगदी सारख्याच मांडण्या पालथ्या घातल्या आणि दोघेही रिकाम्या हातांनी परतले. हुशार आणि मठ्ठ असे बरोबरीत सुटतात ते वाटच नसली की.

सरांना ते धुणं आठवलं. धुतल्यावर बसवताना दोन ठोकळ्यांची अदलाबदल झाली होती. नुसतं सरकवून दोनच ठोकळ्यांची अदलाबदल कधी होत नाही; ती मांडणी कुणाच्या बापालाही सुटली नसती.

"अगं, तुझं डोकं ठणठणीत आहे! ठोकळे मीच चुकीचे बसवले. हे बघ!"

बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पूर्वी त्यांनी हे एका नजरेत ओळखलं असतं. आता त्यांना तिथे नुसती आकड्यांची गर्दी दिसली. त्यांनी सरांचा हात थोपटला.

"दूध मी उतू घालवते, तरी गॅस तुम्हीच मोठा ठेवलेला असतो. किल्ली मी हरवते, तरी ती तुमच्याच खिशातून पडलेली असते. माझ्या चुका किती दिवस अंगावर घ्याल?"

"देवाशपथ, या वेळी खरंच माझी चूक आहे गं!"

"दर वेळी असंच म्हणता."

सरांनी रडत रडतच ठोकळे नीट बसवले आणि खेळणं पुढे केलं. बाईंनी ते हळूच परत सारलं.

"तुमच्यासाठी लावूनही पाहिलं असतं हो," त्या म्हणाल्या, "पण आता पुन्हा नाही जमलं, तर मला नाही सोसायचं."