चनवीरप्पाचं विरजण

घटप्रभेकाठच्या कुलहळ्ळी डॉक्टरांच्या दवाखान्यात चनवीरप्पा तीस वर्षं मलमपट्टी करत होता आणि तीसही वर्षं स्वतःला डॉक्टरांपेक्षा बोटभर उंचच समजत होता. शिक्षण सातवी नापास, पण ऐट अशी, की एखाद्यानं ‘अण्णा’ न म्हणता नुसतं ‘कंपाउंडर’ म्हटलं, तर त्याची पट्टी हा गडी न भिजवता ओढायचा.

सगळा रुबाब एका बरणीवर. तिच्यात जखमा धुवायचं पिवळं जंतुनाशक असे. ही बरणी त्यानं कधी घासली नाही. तळाशी चार बोटं जुनं ठेवायचं, वर टोपणभर नवं, बाकी नळाचं पाणी. घरी बायको दही विरजते तसंच. जुन्याचा गुण नव्याला लागतो, असं शपथेवर सांगायचा. सीलबंद बाटल्या कपाटात आणि किल्ली याच्या करगोट्याला.

शेवटच्या खाटेवरच्या निंगप्पा म्हाताऱ्याची टाच त्या पाण्यानं तीन महिने धुतली जात होती आणि तीन महिने चिघळतच होती. मंगळूरकडच्या सिस्टर बेनेडिक्टानं बरणीतलं थेंबभर तपासायला पाठवलं. जंतूंची नुसती जत्रा निघाली.

चनवीरप्पा गिरमिटाच्या तिखट चुरमुऱ्यांचा बकाणा भरून हसला. “विषात कधी मासे जगतात होय, सिस्टर?”

“पातळ विषात जगतात, अण्णा. लेचेपेचे मेले, निबर तेवढे उरले. त्यांचीच पिलावळ तुम्ही रोज पोसताय.”

डॉक्टर ‘बघू’ म्हणाले. तीस वर्षांचा माणूस दुखवायचा कसा?

पुढच्याच आठवड्यात म्हशीच्या खुंट्यावर आपटून चनवीरप्पाच्या पायाचा अंगठा फुटला. अंगात साखरेचा आजार होताच. तरी हा शहाणा सगळ्यांना दाखवून दाखवून बरणीतल्याच पाण्यानं जखम धूत बसला. चौथ्या दिवशी हिरवा पू, सहाव्या दिवशी सूज घोट्यापर्यंत. औषधं लागू पडेनात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आज अंगठा गेला नाही तर उद्या पाय जाईल. अंगठा कापला. आता उरलेला पाय वाचतो का, एवढाच प्रश्न होता.

सकाळी सिस्टर पट्टीचं ताट घेऊन त्याच्या खाटेशी आली. चनवीरप्पानं करगोट्याची किल्ली सोडून तिच्या हातावर ठेवली आणि हळूच म्हणाला, “नवी बाटली काढा. सील माझ्यासमोर फोडा.”

“जुन्याचा गुण नको का, अण्णा?”

तो भिंतीकडे तोंड करून पडला. तिकडे निंगप्पानं घोंगडीतून आपली टाच बाहेर काढली.

“आधी माझी, सिस्टर. मी तीन महिने थांबलोय.”

सिस्टरनं सील फोडलं आणि बाटली घेऊन शेवटच्या खाटेकडे गेली.