कोंडाआजी चालली ती हद्द

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की पहिला फिदीफिदी हसणारा मीच. सायन्सचा माणूस. पण ही एक गोष्ट आहे... सांगताना हसू येत नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. घोटीजवळ आमची भातशेती. लागूनच कोंडाआजीचं वावर – मूलबाळ नाही, एकटी, दोन्ही डोळे पार गेलेले. एका उन्हाळ्यात माझ्या काकांनी, म्हणजे नानांनी, मधले हद्दीचे तीन दगड उपटून दहा फूट तिच्या वावरात नेऊन रोवले. जुने खड्डे बुजवून वर नांगर फिरवला. तिची विहीर आली आमच्या बाजूला. मदतीला मी होतो – कॉलेजात शिकणारा! तिसरा दगड निसटून माझं बोट चेचलं. घरी सांगितलं, दारात सापडलं.

पाण्याला गेलेली आजी विहिरीच्या अलीकडेच आमच्या नव्या काटेरी कुंपणात अडकली, तेव्हा तिला कळलं. तिने सरकारी मोजणीचा अर्ज केला. मोजणीवाले दुपारी येणार होते. सकाळीच नाना तिला शेतात घेऊन आले. आम्ही तिघंच.

"मोजणी कशाला म्हातारे? डोक्यावर ढेकूळ घे न् हद्द चाल. तू चालशील ती मला मान्य हाय."

आमच्याकडची जुनी रीत. त्याच शेताची माती डोक्यावर घेऊन खोटं चाललं, तर ती माती माणसाला खाते म्हणतात. आंधळीची फजिती करायची आणि अर्ज मागे घ्यायला लावायचा, एवढाच डाव. नानांनी डोळा मारला. मी तिला धरून तीनदा गरागरा फिरवलं. मजा वाटत होती मला, खोटं कशाला बोलू.

ढेकूळ डोक्यावर घेऊन ती चालायला लागली. सरळ आमच्या नांगरटीतून... काठी नाही, चाचपणं नाही. पहिल्या बुजवलेल्या खड्ड्यावर थांबली, टाच दाबली. मग दुसऱ्यावर. त्या जागा मलाही धड आठवत नव्हत्या. तिसऱ्यावर उभी राहून म्हणाली, "हितं तुझं बोट चेचलं ना रे बाळा? लय दुखलं असंल."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. नाना पांढरेफटक पडले. पण नाना ते नाना! खिशातून लिहून आणलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "वाच तिला."

कागदात होतं – आत्ता दगड आहेत तीच हद्द मला मान्य, विहिरीवर माझा हक्क नाही, मोजणीचा अर्ज मागे घेते.

मी मोठ्याने वाचलं, "कोंडाबाई चालल्या तीच हद्द. विहीर कोंडाबाईंची."

आवाज जरासुद्धा कापला नाही. आज त्याची किळस येते.

"तू वाचलंस ना, मंग खरंच असंल," म्हणत तिने अंगठा पुढे केला. शाई लावून तो मीच कागदावर दाबला.

मोजणी झालीच नाही. मरेपर्यंत ती ओढ्यावरून पाणी आणत राहिली – ठेचकाळत, पडत, अर्धा हंडा सांडत.

तिला ते सगळं कसं कळलं, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण छळतं ते दुसरंच. जिला मातीखालचं दिसलं, तिला माझं खोटं दिसलं नसेल? मग अंगठा पुढे का केला? तुमच्यापैकी कुणाला उत्तर माहीत असेल तर... नको, सांगू नका.