सोळा मशिनं, सोळा बायका

लंडनमध्ये वेम्बलीजवळच्या ज्या फॅक्टरीत मी अकरा वर्षं तांब्याची तार गुंडाळली, ती बंद होणार हे आम्हाला कॅन्टीनमध्ये कळलं. मॅनेजर चहाचा कप हातात घेऊनच उभा राहिला आणि म्हणाला, आपली सोळाच्या सोळा वायंडिंग मशिनं चीनमधल्या एका सरकारी कारखान्यानं विकत घेतली आहेत. तिथली माणसं महिनाभर इथे येऊन काम शिकतील. ती गेली की आपणही सगळे घरी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं, आजूबाजूच्या फॅक्टऱ्यांना एकामागून एक कुलपं लागत होती, त्यामुळे कुणी फारसा आरडाओरडा केला नाही. मी मात्र घरी येऊन भांडी आदळली.

"अगं, त्या भांड्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" हे म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. आमच्या पोटावर पाय, आणि वर आम्हीच शिकवायचं म्हणे!"

चिनी मंडळी आली ती पाच. एक डायरेक्टर, दोन इंजिनिअर, एक चष्मेवाली दुभाषी बाई, आणि माझ्याच वयाची, चाळिशी ओलांडलेली एक कामगार बाई. तिकडे या मशिनांवर जो बायकांचा गट बसणार होता, त्याची ती मुकादम. फोरमननं तिला माझ्याकडे सोपवलं. शिकवायचं तेवढं शिकवीन, हसून बोलणार नाही, असं मी ठरवलं होतं. दोन दिवस टिकला माझा निश्चय. तिसऱ्या दिवशी तिचा हात बघितला आणि विरघळलेच. केसासारखी बारीक तार, पण तिच्या बोटांना ती आधीच कळायची. तुटायच्या बेतात आली की बाईसाहेबांचा हात मशीन थांबवायला गेलेलाच! डब्यातलं अर्धं थालीपीठ मी तिच्यापुढे सरकवलं. तिनं आधी वास घेतला, मग जरा भीतभीतच सगळं संपवलं.

आमच्याकडे एक बाई, एक मशीन, असा युनियननं मिळवलेला नियम होता. खरं तर तार लावून मशीन सुरू केलं की ते आपलं आपण फिरत राहतं. तार तुटली किंवा बॉबिन भरलं, तरच बाई लागते. एकटी बाई चार मशिनं बघू शकते हे आम्हा सगळ्याजणींना ठाऊक होतं, पण बोलायचं नाही. घड्याळ घेऊन कुणी साहेब मागे उभा राहिला की आम्ही आणखीच रमतगमत हात चालवायचो. त्यात लबाडी कधी वाटली नाही. शेजारच्या मशीनवरच्या बाईची नोकरी होती ती.

दुसऱ्या आठवड्यात मुकादमबाईनं दुभाषीला घेऊन मला कॅन्टीनच्या कोपऱ्यात गाठलं. ती बोलत होती, दुभाषी इंग्लिशमध्ये सांगत होती. त्यांच्या कारखान्यात एकदा लागलेल्या माणसाला आजवर कुणी काढत नसे. राहायची खोली कारखान्याची, मुलांची शाळा कारखान्याची, दवाखानाही. आता वरून नवी पद्धत आली होती. सरकार पोसणार नाही, कारखान्यानं आपलं आपण कमवायचं. प्रत्येक मुकादमानं आपल्या गटातली लागतील तेवढीच माणसं निवडायची. उरतील त्यांनी घरी बसायचं, आज अर्ध्या पगारावर, उद्याचं कुणी सांगावं. तिच्या गटात सोळा बायका होत्या, सोळावी ती स्वतः.

"शुक्रवारी डायरेक्टर तुमचं काम बघणार आहेत," दुभाषी म्हणाली. "एक बाई किती मशिनं चालवते ते लिहून घेणार. तोच आकडा तिकडे लागू होईल. ती म्हणते, तुम्ही एकच चालवा. तुमचा नियमच तसा आहे, त्यात खोटं काही नाही."

"एवढंच ना?" मी मुकादमबाईचा हात धरला. "एकच चालवीन. शब्द देते."

शुक्रवारी सगळे माझ्या मशीनभोवती जमले. डायरेक्टरनं विचारलं, फॅक्टरी तर बंद होतेय, मग नियमाचं राहू दे, एका माणसाला खरोखर किती मशिनं झेपतील? मॅनेजरनं फोरमनकडे पाहिलं. फोरमननं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. "हिला नका विचारू. हिला एक जमतंय हेच पुष्कळ. माझ्याकडची सगळ्यात स्लो."

अकरा वर्षं! दोनदा मी चार्जहँडची, म्हणजे फोरमनच्या हाताखालच्या मुकादमाची, जागा मागितली होती, दोनदा त्यानं हेच म्हणून मला परत पाठवलं होतं. मी हात आखडून काम करायची ते साथिणींसाठी, आणि हा मेला मला मठ्ठ समजत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघ आता!" मी मराठीतच म्हटलं, पदर कमरेला खोचला, आणि शेजारची तिन्ही मशिनं सुरू केली.

वीस मिनिटं मी चार मशिनं चालवली. एक तार तुटली, ती मी बाकीची तिन्ही फिरत असतानाच जोडली. फोरमनचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. टाळ्या पडल्या. डायरेक्टरनं माझा हात हातात घेऊन हलवला. काय आनंद झाला म्हणून सांगू! तो आनंद फार तर मिनिटभर पुरला. मुकादमबाई चौथ्या मशीनपाशी उभी होती. ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती डायरेक्टरच्या वहीकडे बघत होती.

मी दुभाषीच्या मागे धावले. त्यांना सांगा, हे काही दिवसभर जमण्यासारखं नाही, माणूस मरेल. तिनं सांगितलं. डायरेक्टर नम्रपणे हसले. त्यांच्याकडच्या बायका वयानं लहान आहेत, म्हणाले, सवय होईल. लिहिलेलं काही त्यांनी खोडलं नाही.

त्यानंतरही ती रोज माझ्या शेजारी बसून काम शिकत राहिली. रुसली नाही, एका शब्दानं बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडण मला झेपतं. डबा मात्र मी एकटीच खायची.

जायच्या दिवशी ती दुभाषीला घेऊन आली आणि कोटाच्या खिशातून एक फोटो काढून तिनं माझ्या हातात दिला. कारखान्याच्या फाटकासमोर दोन रांगांत उभ्या सोळा बायका, सगळ्यांचे कपडे एकसारखे. दुभाषीनं मान खाली घालून सांगितलं, "परत गेल्यावर तिला कामावर ठेवायच्या चौघींची नावं द्यायची आहेत. यातल्या बऱ्याचजणी तिच्याबरोबर पंधरा-पंधरा वर्षं आहेत, एक तर तिची नणंदच. तिला निवडता येत नाहीये. ती म्हणते, आकडा तुमचा आहे, तर चौघी तुम्हीच सांगा."

तो टोमणा नव्हता. टोमणा मला कळतो. ती खरंच विचारत होती.

मी मान हलवली, हात जोडले आणि फोटो परत दिला. घरी येऊन रडले. "अगं, तू नाही तर दुसरी कुणी चालवली असती चार मशिनं," हे म्हणाले. असेलही तसं. पण यांना मी सगळं सांगितलं नाही. कुणालाच नाही सांगितलं. फोटो माझ्या हातात होता त्या अर्ध्या मिनिटात माझे डोळे रांगांवरून फिरले होते. ही जाडी नको. ही चष्म्याची नको, तार दिसायची नाही. ही पोटुशी, हिचा तर प्रश्नच नाही. चौघी मी निवडल्या होत्या. मुकादमबाई त्या चौघींत नव्हती. तिचं वय झालं होतं, माझ्याएवढं.