वाळवीच्या हवाली केलेलं बी

आलापल्लीच्या जंगलातला लालसू मडावी बोलण्याच्या बाबतीत भारी कंजूष होता. दिवसाला चारपेक्षा जास्त वाक्यं बोलला, की याला ताप तर नाही ना, असं त्याच्या बायकोला, सोमारीला, वाटायचं. जंगल खात्याने वसवलेल्या गावात त्यांची झोपडी आणि धानाची एक बांधी, म्हणजे छोटं खाचर, होती. खात्याचं काम करायचं, त्या बदल्यात राहायचं. साहेबाची मर्जी गेली, की झोपडी गेली आणि बांधीही गेली.

ही गोष्ट छप्पन्न सालची. तोडीने उजाड झालेल्या टेकडीवर पुन्हा साग उभा करायचं रेंजरसाहेबांनी मनावर घेतलं होतं. दोन वर्षं वाफ्यांत बी पेरलं, कावडीने पाणी घातलं, आणि हाती भोपळा आला. सागाचं बी मोठं हट्टी. वरून जाड लोकरीसारखी साल, आत दगडासारखी कवटी. तिसऱ्या वर्षी बियांची पोती राखायचं काम लालसूकडे आलं.

महिनाभराने साहेब दौऱ्यावरून परतले तर पोती रिकामी. लालसूने सारं बी वारुळांभोवती पसरून वर माती लोटली होती आणि वाळवी पंगतीला बसल्यागत त्यावर तुटून पडली होती. सरकारी बी वाळवीला जेवू घातलेलं पाहून साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. लालसू एवढंच म्हणाला, "उधई वरचं खाते साहेब, आतलं नाई खात."

साहेबांना ही सबब वाटली. तेच बी त्यांनी पेरायला लावलं आणि बजावलं, की पंधरा दिवसांत वाफे हिरवे झाले नाहीत तर गाव सोडायचं.

तीस वर्षं अनवाणी हिंडताना लालसूने पाहिलं होतं, की वाळवीने साल खाल्लेलं बी लवकर रुजतं आणि सागाची रोपं वारुळाशेजारीच दाट उगवतात. पण जंगलात होतं ते वाफ्यात होईलच, याचा काय नेम? दहा दिवस झाले, बारा झाले, माती नुसतीच ओली. तेराव्या दिवशी सकाळी सोमारीने मडकी गाठोड्यात बांधली. लालसूला वाफ्याकडे जायचा धीर होईना. तो दारातच बसून राहिला.

तेवढ्यात साहेब सायकल दामटत आले आणि त्याला सोबत घेऊन गेले. वाफ्यांत जागोजागी माती फोडून दोन-दोन पानं वर आली होती. लालसू बांधावर बसला आणि कधी नव्हे तो हसू लागला. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"दोन वर्षं आम्ही नुसतं पाणी ओतत होतो," साहेब म्हणाले. "तू सांगितलं का नाहीस?"

"कोनी इचारलंच नाई."

साहेब ओशाळले. मग त्यांनी विचारलं. वरच्या खडकाळ अंगाला काय जगेल? नाल्याकाठी काय लावावं? दोघं टेकडी चढले. वर साग धरणार नाही, तिथे बांबू येऊ द्या. जुने मोह तोडू नका, त्यांच्या सावलीत बी टिकतं, असं लालसू सांगत गेला आणि साहेब वहीत उतरवत गेले. पुढे धानोऱ्याकडचे साहेबही उजाड रानं दाखवायला त्याला नेऊ लागले.

त्या दिवशी दुपारी तो घरी आला तेव्हा सोमारी गाठोड्यावरच बसून होती. तो बोलत सुटला. वाफे, पानं, टेकडी, वही. बोलून बोलून आवाज बसला तरी थांबेना. सोमारीने घाबरून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग तिने गाठोड्याची गाठ सोडली.